उंबऱ्यापर्यंतचा नळ कोणाचा?

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस घोडनदीच्या काठी शिरूर आणि भीमेच्या काठी दौंड अशी दोन गावे आहेत. पहिल्यास इंग्रजी छावणीने नावारूपास आणले, दुसऱ्यास आगगाडीने. शिरूरला आसपासच्या खेड्यांतील जुनी माणसे अजून 'घोडनदी' असेच म्हणतात. दौंडला 1878 मध्ये मनमाडकडे जाणारा फाटा फुटल्यापासून तेथील फलाटावर गाडी न बदललेला प्रवासी विरळाच. शिरूरची घोड पुढे भीमेसच मिळते. नदीकाठच्या अशा गावांत पाण्याचा प्रश्न असलाच तर तो पाणी आहे की नाही एवढाच असावा, असे परक्यास वाटेल. परंतु प्रश्न निराळा आहे. टाकीपर्यंत आलेले पाणी घागरीपर्यंत येताना त्याचे काय होते, हा तो प्रश्न होय. आणि त्याहूनही अवघड प्रश्न, ते नीट यावे ह्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हा आहे.

ह्या दोन गावांपैकी एका गावी गेल्या वर्षी मी एका स्नेह्याकडे उतरलो होतो. कोणत्या गावी ते मुद्दाम सांगत नाही, कारण दोन्ही गावच्या वाचकांनी ते आपलेच समजावे अशी माझी इच्छा आहे. घरात लहान मुलास कावीळ झालेली. म्हणून यजमानांनी प्लंबर बोलावून घरचा नळ उकरून पाहिला. रस्त्यातील मुख्य नळापासून निघालेली अर्ध्या इंचाची लोखंडी नळी प्रथम गटारात उतरली होती, गटाराच्या तळातून सात-आठ हात गेली होती, आणि मग भिंतीत शिरली होती. गटारातील भागावर गंजाचे पापुद्रे सुटले होते. एके ठिकाणी छिद्र पडले होते, आणि त्या छिद्रावर पूर्वी कोणी तरी सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधलेली होती. प्लंबर हसून म्हणाला, "काका, ह्या गल्लीत सगळ्यांच्याच अशा आहेत. तुमची निदान बांधलेली तरी आहे!" यजमानांनी नवी नळी घातली, पैसे दिले, आणि खड्डा बुजवला. शेजारच्यांची नळी तशीच राहिली.

ह्या प्रसंगात कोणास काही विशेष वाटणार नाही, हेच त्यातील विशेष आहे. म्हणून ही गोष्ट कशी घडते ते प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढील सर्व वाद त्यावर अवलंबून आहे.

आपल्या लहान गावांत नळास पाणी दिवसातून ठराविक वेळ येते, आणि पुष्कळदा एक दिवसाआड येते. पाणी चालू असते तोपर्यंत नळीच्या आत दाब असतो, व फुटक्या जागेतून पाणी बाहेर जाते. पाणी बंद झाले की हाच व्यवहार उलटतो. नळी रिकामी होताना आत पोकळी उत्पन्न होते, आणि त्याच फुटक्या जागेतून बाहेरचे गटारपाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले की पहिल्या काही घागरींबरोबर ते घरोघर पोहोचते. शुद्धीकरण केंद्रात पाण्यात घातलेला क्लोरीन एवढ्या घाणीपुढे टिकत नाही. ह्यात भर म्हणून आपल्यापैकी अनेकांनी नळास 'टिल्लू' पंप जोडलेले आहेत. शेजाऱ्याच्या आधी आपली टाकी भरावी एवढाच त्यांचा हेतू. परंतु हा पंप केवळ पाणी ओढत नाही, तो मुख्य नळातील दाब घालवून गल्लीतील प्रत्येक छिद्रातून गटारही ओढतो. ज्या गृहस्थाने पंप लावला त्यानेच नगरपालिकेच्या नावाने खडे फोडावेत, हा देखावा आपल्या परिचयाचा आहे.

ह्याचे परिणाम महाराष्ट्राने पाहिलेले आहेत. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीस काविळीची मोठी साथ आली आणि कित्येक माणसे दगावली. 1955-56 च्या हिवाळ्यात दिल्लीस यमुनेच्या पाण्यात गटाराचे पाणी शिरून सुमारे 29,000 लोकांस कावीळ झाली, हे उदाहरण वैद्यकाच्या ग्रंथांतून जगभर शिकविले जाते. आणि 2025 च्या जानेवारीत पुण्यास सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिलन-बारे नावाच्या, हातपाय लुळे पाडणाऱ्या विकाराने घबराट उडविली, तेव्हाही संशयाचे बोट दूषित पाण्याकडेच वळले. ज्या खडकवासल्याच्या कालव्यावर दौंडची तहान अवलंबून आहे त्याच खडकवासल्याच्या परिसरातील ही गोष्ट आहे.

कावीळ आणि हगवण ही निदान दिसतात. न दिसणारे विष म्हणजे शिसे. त्यास वास नाही, रुची नाही, रंग नाही. आणि पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट आटलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, आणि एकदा झालेली हानी भरून येत नाही. 2020 मध्ये युनिसेफने प्रसिद्ध केलेल्या अहवालात हिंदुस्थानातील सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात चिंताजनक प्रमाणात शिसे असल्याचा अंदाज दिला होता. ह्यातील पुष्कळसे शिसे नळातून येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ते जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या धंद्यातून, रंगांतून, भेसळीच्या हळदीतून आणि वाईट कल्हईतूनही येते. अमेरिकेत आहेत तसे निखळ शिशाचे नळ आपल्या गावांत सहसा नाहीत. परंतु जुन्या बिडाच्या नळांचे सांधे शिसे ओतूनच भरीत, पितळी तोट्यांत शिशाचा अंश असतो, आणि प्लॅस्टिकचे नळ टिकाऊ व्हावेत म्हणून त्यांत शिशाचे क्षार घालण्याची रीत आपल्याकडे अनेक वर्षे चालली. ती थांबविण्याचे नियम केंद्र सरकारने केले ते 2021 मध्ये. त्यापूर्वी जमिनीत गेलेले नळ नियमाची प्रत वाचून बाहेर येणार नाहीत.

आपल्या मानकाप्रमाणे पिण्याच्या एक लिटर पाण्यात 10 मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे असू नये. पण हे मोजावयाचे कोठे? शुद्धीकरण केंद्रात मोजून उपयोग नाही, कारण शिसे पाण्यास मिळते ते वाटेत, नळीत आणि तोटीत. ते रात्रभर नळीत थांबलेल्या पहिल्या पेलाभर पाण्यात मोजावे लागते. केंद्रातील पाण्याचा दाखला भिंतीवर लावून 'आमचे पाणी शुद्ध आहे' असे म्हणणे, म्हणजे गवळ्याने गोठ्यातील दुधाचा नमुना दाखवून रतिबाच्या दुधाची खात्री देण्यासारखे आहे. दौंडसारख्या रेल्वेच्या गावास ही गोष्ट नव्याने सांगावयास नको. वाफेच्या एंजिनांच्या काळात बॉयलरमध्ये कसले पाणी जाते ह्याचा विचार होई, कारण क्षारांचा थर नळ्यांवर बसला तर एंजिन बिघडे. एंजिनाच्या पोटाची जी काळजी आपण वाहिली ती मुलांच्या पोटाची वाहू नये काय?

आता मुख्य वादाकडे वळू. मुख्य नळ नगरपालिकेचा. पण त्यापासून घरापर्यंतची जोडणी ज्याची त्याने स्वखर्चाने करावयाची, दुरुस्त करावयाची आणि बदलावयाची, ही आपली रूढ व्यवस्था. 'ज्याचा नळ त्याने पाहावा' हे तत्त्व ऐकावयास न्याय्य वाटते. माझे म्हणणे असे की ते न्याय्य नाही, शहाणपणाचे नाही, आणि स्वस्तही नाही.

न्याय्य नाही, कारण नळी घरमालकाची असली तरी तिच्यातील छिद्र त्याच्या एकट्याचे नसते. वर सांगितल्याप्रमाणे पाणी बंद होताना एका घराच्या फुटक्या नळीतून ओढलेली घाण मुख्य नळात जाते व सर्व गल्लीत वाटली जाते. माझ्या स्नेह्याने आपली नळी नवी केली खरी. पण शेजाऱ्याची जुनी असेपर्यंत त्याचे पाणी शुद्ध झाले असे कोण म्हणेल? शिवाय ही नळी गटारातून गेली ती कोणाच्या संमतीने? जोडणीस परवानगी नगरपालिकेने दिली, रस्ता तिच्या परवानगीने खणला गेला, आणि पुढे त्या नळीवरून गटार बांधले तेही तिनेच. ज्या कामास सार्वजनिक संस्थेची मान्यता होती त्याचे परिणाम मात्र खाजगी, हा कोठला न्याय?

शहाणपणाचे नाही, कारण ज्याच्यापाशी पैसा आहे तो नळी बदलतो, आणि ज्याच्यापाशी नाही तो पट्टी आवळतो. भाडेकरूचे तर विचारूच नका. नळ मालकाचा, पाणी भाडेकरूचे, आणि मालक राहतो पुण्यास. अशा घरातील मुलाने कोणाकडे दाद मागावी?

हा वाद जगात दुसऱ्याही लोकांनी केलेला आहे, आणि त्याचा निकालही लावलेला आहे. अमेरिकेत मुख्य नळापासून घरापर्यंतच्या जोडण्या पुष्कळ शहरांत शिशाच्या होत्या. शिकागो शहरात तर 1986 पर्यंत त्या शिशाच्याच असाव्यात असा नगराचाच नियम होता. 2014 मध्ये फ्लिंट शहराने पाण्याचा उगम बदलला, नळ गंजू नयेत म्हणून घ्यावयाची दक्षता घेतली नाही, आणि घरोघर शिसे पोहोचले. त्यानंतर न्यूअर्क शहरात हीच आपत्ती आली. तेथेही प्रथम विचार असा होता की घरमालकाने खर्चाचा काही भाग द्यावा. तो विचार सोडून देण्यात आला. एसेक्स परगण्याने 12 कोटी डॉलरचे कर्ज उभारून दिले, घरमालकाकडून पैसा न घेता काम करावे असे ठरले, आणि मालक सापडला नाही तर भाडेकरूच्या संमतीने घरात शिरून नळ बदलण्याचा अधिकार नगराने ठराव करून घेतला. सुमारे 23,000 जोडण्या तीन वर्षांच्या आत बदलल्या गेल्या. न्यूअर्क हे काही कुबेराचे नगर नव्हे. गरीब वस्तीचे शहर म्हणूनच ते प्रसिद्ध आहे. तेथे पैसा आधी आला नाही. नळ सर्वांचा आहे हा निश्चय आधी आला. अर्धवट काम करू नये हाही धडा तेथूनच मिळतो. रस्त्याकडील अर्धी नळी बदलून घराकडील जुनी ठेवली तर जोडाच्या धक्क्याने काही काळ शिसे कमी न होता वाढते, असे तेथे दिसून आले.

तिसरा मुद्दा स्वस्ताईचा. आपण मध्यमवर्गीय लोक नळाच्या पाण्यावरचा विश्वास केव्हाच गमावून बसलो आहो. परंतु त्याबद्दल सभा भरविण्याऐवजी आपण यंत्र आणून भिंतीस लावले, किंवा दारात पाण्याचा जार उतरवून घेऊ लागलो. जो प्रश्न सार्वजनिक होता तो आपण स्वयंपाकघरात सोडविला, आणि सुटला असे मानले. ह्या सोडवणुकीचा हिशेब वाचकांनी आपल्याच वहीत करून पाहावा. वीस लिटरचा एक जार रोज, आणि त्याचे वीस रुपये धरले, तर वर्षाचे 7,300 रुपये होतात. यंत्र असेल तर त्याची किंमत, दरसालच्या जाळ्या, विजेचे बिल, आणि गाळलेल्या पाण्यापेक्षा अधिक मोरीत सोडून दिलेले पाणी हे सर्व मांडावे. ज्या पाण्यात क्षार थोडे आहेत तेथे ही यंत्रे बंद करावीत, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2019 मध्ये सांगितले होते ते ह्या नासाडीमुळेच.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब. पुढील आकडे कोणत्याही गावाच्या अंदाजपत्रकातील नाहीत. विचारासाठी धरलेले आहेत. समजा, गावात 10,000 जोडण्या आहेत, आणि नवी नळी, मीटर व रस्त्याची दुरुस्ती धरून एका जोडणीस 8,000 रुपये पडतात. एकूण आठ कोटी. गल्ल्यांतील मुख्य नळही बदलावयाचे म्हणून ही रक्कम दुप्पट, म्हणजे सोळा कोटी धरू. सरकारकडून एक कवडी मिळाली नाही, आणि सर्व रक्कम शेकडा आठ व्याजाने पंधरा वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ घेतली, असेही धरू. तरी दर घरास वर्षाचा हप्ता सुमारे 1,870 रुपये पडतो. महिन्यास दीडशेच्या आसपास. जारवाल्यास आपण जे देतो त्याचा हा चौथा हिस्सा. अर्धी रक्कम अनुदान म्हणून मिळाली तर आठवा हिस्सा. म्हणजे आपण गरीब आहोत म्हणून नळ बदलत नाही असे नव्हे. नळ बदलत नाही म्हणून गरिबास अधिक गरीब करतो, असे आहे. जार घेण्याची ऐपत नसलेले कुटुंब गटाराचा अंश असलेले पाणी पिते, आणि डॉक्टरला पैसे देते.

येथे थोडे मागे वळून पाहणे अप्रस्तुत होणार नाही. पेशवाईत नानासाहेबांनी कात्रजचे पाणी बांधीव नळातून पुण्यास आणले व हौदांतून लोकांस दिले. 1850 च्या सुमारास जमशेटजी जिजीभाई ह्यांच्या मोठ्या देणगीने पुण्यास नदीवर बंधारा झाला. ते युग राजाच्या व दात्याच्या कृपेचे होते. पुढे 1868 मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस मोकळा केला, आणि 20 मार्च 1927 रोजी महाडास चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन डॉ. आंबेडकरांनी सार्वजनिक पाणी ह्या शब्दाचा अर्थ साऱ्या देशास शिकविला. पाणवठ्यावर भेद नसावा एवढ्यासाठी माणसांनी मार खाल्ला. आज आपण कायद्याने कोणास पाणवठ्यावरून हाकलीत नाही. आपण स्वतःच पाणवठा सोडून निघून गेलो आहो, आणि मागे राहिले आहेत ते ज्यांस जार परवडत नाही ते. सार्वजनिक नळ बोलक्या लोकांनी सोडला की त्याची दाद घेणारे कोणी उरत नाही. हा नवा सोवळेपणा पैशाचा आहे इतकेच.

आता पैशाची वाट पाहू. 1965 च्या नगरपालिका अधिनियमाने पाणी पुरविणे हे नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य ठरविले. परंतु कर्तव्य दिले तरी हाती पैसा दिला नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस नगरपरिषदांची जकात उठली, आणि हक्काचे उत्पन्न जाऊन अनुदानाची आशा आली. तेव्हापासून आपल्या गावांचा कारभार मुंबईच्या वाटेकडे डोळे लावून चालतो. भरीस भर म्हणून अलीकडे राज्यातील नगरपरिषदा कित्येक वर्षे निवडलेल्या सभासदांवाचून प्रशासकांच्या हाती राहिल्या. अनुदाने येत नाहीत असे नाही. 2021 मध्ये सुरू झालेल्या 'अमृत' योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात एक लाखाच्या आतील लोकवस्तीच्या गावांस मान्य खर्चाचा निम्मा वाटा केंद्राने द्यावा असे ठरले, आणि 2011 च्या खानेसुमारीप्रमाणे शिरूर व दौंड ही दोन्ही त्या मर्यादेच्या पुष्कळ आत आहेत. पंधराव्या वित्त आयोगानेही अशा गावांच्या अनुदानाचा काही भाग पाण्यासाठी बांधून दिला. तथापि अनुदानाचा स्वभाव असा की त्यास उंच टाकी आवडते. टाकी दुरून दिसते, तिच्यावर नाव रंगविता येते, तिच्या पायथ्याशी कोनशिला बसविता येते. गटारातून काढून बाजूस घातलेल्या अर्ध्या इंचाच्या नळीचे उद्घाटन कोणता मंत्री करणार?

म्हणून अनुदान मिळेल ते घ्यावे, परंतु त्याची वाट पाहत बसू नये. कर्ज काढावे. पुणे महानगरपालिकेने 2017 मध्ये पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी 200 कोटींचे रोखे बाजारात विकले. शिरूर-दौंडचे रोखे मुंबईच्या बाजारात कोण घेणार, असा प्रश्न कोणी करील, आणि तो बरोबर आहे. एकट्या लहान गावास सावकार उभे करीत नाही. ह्यास तोड तामिळनाडूने 2002-03 मध्ये काढली. तेथील तेरा-चौदा लहान नगरपालिकांनी आपली गरज एकत्र केली, आणि त्यांच्या वतीने एका निधीने सुमारे 30 कोटींचे समाईक रोखे काढले. एकट्याने पत नव्हती. सर्वांची मिळून पत झाली. पुणे जिल्ह्यात शिरूर, दौंड, इंदापूर, सासवड, जेजुरी, भोर, जुन्नर अशा नगरपरिषदा आहेत. प्रत्येकीच्या जमिनीखाली तेच गंजके लोखंड आहे. त्यांनी एकत्र येऊन एक कर्ज, एक मालखरेदी, आणि कामाची एकच मोजणी असे का करू नये? आपल्या सहकारी चळवळीचा एवढा गौरव आपण गातो. ऊस एकत्र गाळता येतो, मग पाणी एकत्र का गाळता येऊ नये?

आणि पाणीपट्टी वाढवावी. हे वाक्य लिहिताना वाचकांच्या कपाळावर पडलेल्या आठ्या मला दिसत आहेत. परंतु जारवाल्यास बिनतक्रार पैसे देणारा गृहस्थ पाणीपट्टीत शंभर रुपये वाढले की मोर्चा काढतो, ह्यातील विसंगती त्यानेच एकांतात तपासावी. वाढ सरसकट मात्र नसावी. मीटरप्रमाणे असावी, पहिल्या गरजेपुरते पाणी स्वल्प दराने, आणि बागेस व गाडी धुण्यास लागणारे पाणी चढ्या दराने. कराडजवळचे मलकापूर हे लहान गाव आहे. तेथे 2008 च्या सुमारास नवे नळ घालून, मीटर बसवून चोवीस तास पाणी सुरू झाले. ओरिसात पुरी शहराने 2021 पासून तोटीचे पाणी तसेच प्यावे असे लोकांस सांगण्याचे धैर्य केले. चोवीस तास पाणी ही चैन नव्हे. नळीत सतत दाब असला तर बाहेरची घाण आत येत नाही, साठवणीच्या टाक्या लागत नाहीत, आणि 'टिल्लू' पंप आपोआप निरुपयोगी होतो.

दोन आक्षेप राहिले. पहिला असा की, 'पैसे दिले तरी खाल्ले जातील.' ही भीती खोटी नाही. पण तिच्यावर उपाय पैसे न देणे हा नसून हिशेब मागणे हा आहे. अनुदानाचा पैसा कोठून तरी येतो, म्हणून तो कोठे तरी जातो. आपल्या पट्टीच्या पैशाचा हिशेब मागावयास मात्र जीभ लागते. कोणत्या गल्लीतील किती जोडण्या बदलल्या, त्यापूर्वीचे व नंतरचे पाणी तपासून काय आढळले, हे दर महिन्यास नगरपालिकेच्या दारावर लागले पाहिजे. नमुना तोटीचा असावा, केंद्रातील नव्हे. आणि जीवाणूंबरोबर शिशाचीही तपासणी व्हावी.

दुसरा आक्षेप विशेषतः दौंडकरांचा, आणि तो मर्मावर बोट ठेवणारा आहे. 'पुण्याने आपली गटारे मुळा-मुठेत सोडावी, ती रांजणगाव सांडसपाशी भीमेस मिळावी, आणि ती घाण आमच्या दारावरून उजनीकडे जावी; आधी पुण्यास विचारा, मग आमच्या नळीस नावे ठेवा.' ह्यात पुण्याचा अपराध पूर्ण आहे. नदी शुद्ध करण्याची 990 कोटींची योजना जपानी कर्जाने 2016 मध्ये ठरली, आणि तिचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. वरच्या गावाने घाण करावी आणि खालच्या गावाने ती निस्तरावी ह्यास कोणताच धर्म मान्यता देणार नाही. त्या नुकसानीचा वाटा पुण्याकडून मागणे हा भीमाकाठच्या गावांचा हक्क आहे, आणि तो त्यांनी मागावा. परंतु आपल्या गल्लीतील नळी गटारातून पुणेकरांनी नेलेली नाही. शेजाऱ्याने अंगणात केर टाकला म्हणून आपण घरातला केर काढावयाचा थांबत नाही.

तेव्हा मागणी थोडक्यात अशी. मुख्य नळापासून मीटरपर्यंतची प्रत्येक जोडणी सार्वजनिक मालमत्ता मानावी. ती गटारातून काढून, गल्लीवार, कोणतेही घर न वगळता, एकाच वेळी बदलावी. घरमालकाकडून त्या कामाचे वेगळे पैसे घेऊ नयेत. खर्च समाईक कर्जातून व्हावा आणि तो मीटरच्या पट्टीतून सर्वांनी मिळून फेडावा. ज्या वस्तीत मुले अधिक व ऐपत कमी तेथून आरंभ व्हावा. आणि शिसे घातलेला नळ किंवा तोटी पुन्हा जमिनीत जाणार नाही अशी अट प्रत्येक मक्त्यात असावी.

त्या घरच्या मुलाची कावीळ उतरली. निघताना मी त्याच्या आजोबांना विचारले, आता पाणी कोणते देता? ते म्हणाले, "जारचे. नळाचे आता भांड्यांनाच." एवढ्यात कामास येणाऱ्या बाई आपली कळशी घेऊन मागच्या दारी आल्या आणि अंगणातील त्याच नळाखाली ती भरू लागल्या. त्यांच्या घरीही लहान मुले आहेत, असे आजोबांनीच मला सांगितले. सांगून झाल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. ह्या लेखातील सर्व युक्तिवाद त्यांना त्या वेळी सुचले असावेत. आपणा सर्वांना ते सुचलेले आहेत. गप्प बसण्याचा काळ तेवढा संपला पाहिजे.